खाण्याजोगा भाग

सरकारी कागदावर त्या माशाचं नाव ‘सक्षम रोहू’ होतं. तुमडीझरीत ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावाने त्याला सरळ ‘मोना’ करून टाकलं. ज्या पोरीने हा मासा घडवला तिचं नाव मोनाली डहारे. ती गावचीच, ढिवरांच्या मोहल्ल्यातली, मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष खुशाल डहारे याची थोरली बहीण. मग नाव शोधायला लांब कशाला जायचं? तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रोज सकाळी जे संवाद चालत ते बाहेरच्या माणसाने ऐकले असते तर तो चक्रावला असता. ‘आज मोना बारीक निघाली.’ ‘मोनाचं पोट सुटलं यंदा.’ ‘मोना जाळ्यात येऊन नाही रायली, लय हुशार झाली.’ नागपूरच्या मत्स्यसंशोधन केंद्रात जिला सगळे डॉक्टर डहारे म्हणत, तिला गावी आल्यावर हे निमूट ऐकून घ्यावं लागे. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

त्या दिवशी ती आली होती भावजयीच्या ओटीभरणीला. भुमेश्वरीला लग्नानंतर सात वर्षांनी दिवस गेले होते. तिला माहेर असं उरलं नव्हतं, त्यामुळे ओटी, बाळंतपण, सगळं सासरीच व्हायचं होतं. मोनालीची आई अंजिराबाई सुनेला तळहाताच्या फोडासारखी जपत होती. मोनाली फोनवर ‘माय, कशी आहेस’ एवढं विचारायची आणि मग सुनेने सकाळपासून काय काय खाल्लं याचं वर्णन ऐकत बसायची. स्वतःच्या तब्येतीबद्दल सांगायला अंजिराबाईला सवडच नसे.

घरी जाण्याआधी मोनालीने गाडी पाळीवर थांबवली. संस्थेच्या शेडमध्ये कापणीचं यंत्र घरघरत होतं. एका तोंडातून अख्खा मासा आत जायचा. दुसरीकडून बिनकाट्याचे पांढरे तुकडे पट्ट्यावरून सरकत यायचे, नागपूर-रायपूरला जाण्यासाठी. आणि मुंडी, काळीज, आतडी, शेपूट खालच्या टबात पडायची. खुशालने बहिणीला सगळं कौतुकाने दाखवलं. हैदराबादला इमारतींच्या कामावर गेलेली मोहल्ल्यातली पोरं परत आली होती. त्यांतली दोघं आता हे यंत्र चालवत होती.

“आणि हे टब?” मोनालीने विचारलं. “चुन्याच्या खड्ड्यात जातं ना हे?”

“टाकाऊची सोय बरोबर होते,” खुशाल म्हणाला. “तू कायले चिंता करते? चाल, चहा घे.”

मोनालीने चहा घेतला.

इथे थोडं मागे जायला हवं. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी टेकडीपलीकडे एक कारखाना आला. देशभर ई-रिक्षांच्या शिशाच्या बॅटऱ्या आणि पहिल्या पिढीतले सोलर पत्रे बाद होऊन ढिगाने साचले होते. ते फोडून धातू परत काढणं हे पुण्याचं काम समजलं जात होतं. पुण्य कारखान्याच्या वाट्याला गेलं आणि धोवण ओढ्याच्या. ओढ्याने ते तुमडीझरीच्या तळ्यात आणून सोडलं. शिसं आणि कॅडमियम. पाण्याला ना रंग आला, ना वास.

मासा पाण्याशी नुसता तोंडाने जोडलेला नसतो, कल्ल्यांनीही असतो. कल्ल्याचा पडदा कागदाहून पातळ. त्यातून प्राणवायू आत येतो, तसं पाण्यातलं कॅल्शियमही येतं. कॅडमियमचा कण मापाने कॅल्शियमसारखाच असल्यामुळे कल्ला त्याला परका म्हणून ओळखत नाही. घरचाच समजून दार उघडतो. मग हाडाला हवं ते कॅल्शियम बाहेर राहतं आणि माशाचा कणा वाकतो. शिसं तीच तोतयेगिरी करतं आणि थेट हाडात जाऊन बसतं. या माऱ्याने कल्ले चिकटा सोडतात, जाड होतात, आणि भर पाण्यात मासा गुदमरतो. पण हे सगळं नंतरचं. सुरुवातीला जातो तो वास. पिल्लं गिळणारी मरळ जवळ आली तरी पिल्लांना तिचा वास येत नाही. नराला मादीचा येत नाही. तळ्यावर मेलेले मासे तरंगले तेव्हा गावाने बोंब ठोकली. त्याआधी दोन वर्षं ते मासे जिवंत होते, पण आंधळ्यासारखे फिरत होते, हे मोनालीने पुढे त्यांची नाकं आणि कल्ले सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं.

वाकडी मासळी कोण विकत घेणार? मोहल्ला रिकामा होत गेला. तेव्हा मोनाली नुकतीच केंद्रात लागली होती. तळ्याच्या तळाशी बसलेला गाळ उपसायला कुणी तयार नव्हतं, आणि कारखाना उद्या बंद झाला तरी तो गाळ आणखी पन्नास वर्षं धातू सोडत राहणार होता. पाणी बदलता येत नसेल तर मासा बदलावा, असं तिच्या डोक्याने घेतलं.

उपाय तिने माशाच्या पोटातच शोधला. प्रत्येक माशाच्या काळजात, म्हणजे यकृतात, एक चिमुकलं प्रथिन असतं. त्याला गंधकाचे आकडे असतात. खेकडा बोट धरतो तसं ते धातूचा कण धरतं आणि सोडत नाही. साध्या माशात ते पुरेसं नसतं. मोनालीने त्याची जनुकं वाढवली आणि त्यांना आणखी एक काम लावून दिलं. धरलेला धातू मांसात राहू द्यायचा नाही, काळजात आणि कल्ल्यांमागे मुंडीला लागून जे मूत्रपिंड असतं त्यात कोंडायचा. शिसं कवटीच्या हाडात न्यायचं. असा मासा जगला. सरळ वाढला, वास घेऊ लागला, अंडी घालू लागला. त्याचं मांस इतकं स्वच्छ निघालं की तपासणाऱ्यांनी आपलंच यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा तपासलं.

प्रमाणपत्रावर माशाचे दोन भाग केले होते: खाण्याजोगा भाग आणि टाकाऊ भाग. तळ्यात या माशाचं बी सोडायच्या दिवशी गावाला समजावून सांगायचं काम साहजिकच मोनालीकडे आलं. तिने भाषणात ‘विषारी’ असा शब्द लिहिला होता. तिच्या वरिष्ठ डॉ. शाल्मली पेंढारकर यांनी तो बदलायला सांगितला. “अगं, हा शब्द एकदा बाजारात गेला की मांसालाही कोणी हात लावणार नाही. टाकाऊ म्हण. अर्थ तोच ना?” मोनालीने ते पटवून घेतलं. आपल्याच गावाचं तळं पहिलं निवडलं जावं अशी तिला फार हाव होती. “मुंडी आणि आतलं सगळं टाकाऊ आहे,” असं तिने पाळीवर उभं राहून सांगितलं, आणि पुन्हा एकदा सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या. दोघी-तिघी एकमेकींकडे पाहून खूश होऊन हसल्याही. त्या का हसल्या हे विचारायचं मोनालीला सुचलं नाही.

दुपारी घरात अंजिराबाईने ताटं वाढायला घेतली. अंबाडीच्या पाल्याचा आंबट रस्सा उकळत होता आणि त्याच्या वासानेच मोनालीला कधी एकदा जेवते असं झालं होतं. पण पहिलं ताट तिचं नव्हतं. घरात गरवार बाई असली की पहिलं ताट तिचं, आणि त्या ताटात मुंडी. ती मुंडी तिने फोडेपर्यंत घरातलं दुसरं कुणी घास उचलत नाही, अशी मोहल्ल्याची रीत. पोटातल्या लेकराचं डोकं त्याने तल्लख होतं म्हणतात.

अंजिराबाईने भुमेश्वरीच्या ताटात दोन मुंड्या वाढल्या. “एक तिची, एक लेकराची,” ती मोनालीला म्हणाली. “तुह्या वेळी मी नवही महिने खाल्ली बाई. मनून तर तू डॉक्टर झाली. आता हिचं लेकरू पाहाजो, सिद्धं इस्रोत जाते.”

भुमेश्वरी लाजून हसली. तिने कल्ला उचकटला आणि मागचा मऊ, काळसर भाग अंगठ्याने काढला. जाणकार लोक आधी तोच खातात.

“माय,” मोनालीने विचारलं, “ही मुंडी कोणत्या माशाची?”

“तुह्याच. दुसरा मासा राह्यला का तळ्यात?”

“कुठून आणली?”

“टाकाऊतली,” अंजिराबाई म्हणाली, आणि भाताच्या हंडीकडे वळली.

ढिवराच्या घरात टाकाऊ म्हणजे फेकून द्यायचं असं नसतं. बाजारात जे खपत नाही आणि म्हणून घरच्या चुलीवर येतं, त्याला तिथे टाकाऊ म्हणतात. गिऱ्हाइकाने न घेतलेली बारीक मासळी, मुंड्या, काळीज, अंडी. घरातल्या सगळ्यांत चविष्ट जेवणाचं ते नाव. लहानपणी आई बाजारातून परतली की ‘आज टाकाऊत काय आहे’ म्हणत मोनाली तिच्या टोपलीत डोकं घालायची. हा शब्द ती दप्तर हातात यायच्या आधी शिकली होती. आणि पाळीवर उभं राहून साऱ्या मोहल्ल्याला तिनेच सांगितलं होतं की मुंडी टाकाऊ आहे. म्हणजे शहरवाले फक्त तुकडे नेणार, मुंड्या सगळ्या तुमच्या. बायका हसणार नाहीत तर काय करतील?

पूर्वी मासा अख्खा विकला जायचा, तेव्हा मुंडी गिऱ्हाइकाबरोबर दहा गावांत वाटली जायची. आता यंत्राने ती कापून इथेच ठेवली होती. तिच्या माशाने तळ्यातला सगळा धातू मुंडीत गोळा केला होता, आणि यंत्राने सगळ्या मुंड्या मोहल्ल्यात. वर आंबट रस्सा. आंबटात हाड उकळलं की शिसं त्यातून सुटून रश्श्यात उतरतं, हे कॉलेजातलं पोरही सांगेल.

तिने पुढे होऊन भुमेश्वरीचं मनगट धरलं. “भुमे, थांब. खाऊ नको.”

अंजिराबाईचा गैरसमज झाला. “तुलेही वाढते ना बाई. तिच्या ताटातलं कायले घेते?” ती हसत म्हणाली. मग लेकीचा चेहरा पाहून तिचं हसू गेलं.

मोनालीच्या गाडीत तपासणीची पेटी असायची. माशांच्या रक्तासाठीची होती ती, पण तिच्यातल्या तपासणीच्या चकतीला रक्त कुणाचं ते कळत नाही. तिने भुमेश्वरीचा हात साबणाने दोनदा धुतला, बोटाला सुई टोचली आणि थेंब चकतीवर घेतला. गरवार बाईच्या रक्तातलं शिसं पाचाच्या वर गेलं की डॉक्टर चिंतेत पडतात. चकतीने एकतीस दाखवलं. मोनालीने दुसरी चकती घेतली. तिनेही तेच सांगितलं.

“रोज खातेस?”

“रोज. सहा महिने झाले,” भुमेश्वरी म्हणाली. “मायनं एक दिवस चुकू नाही देल्ला.”

मग मोनालीने सांगितलं. तिने आयुष्यात पुष्कळ सभांमध्ये पुष्कळ समजावून सांगितलं होतं, पण असं कधी नाही. पोटातलं बाळ हाडं घडवायला आईकडे कॅल्शियम मागतं. आईचं अंग ते जिथून मिळेल तिथून ओढून घेतं आणि पुढे देतं. शिसं त्यातच मिसळून जातं. अंगाला फरक कळत नाही, माशाच्या कल्ल्याला कळत नाही तसाच. आणि बाळाच्या मेंदूत जाऊन ते बसतं.

अंजिराबाई चुलीपुढे बसून होती. “म्हंजे मी माह्या हातानं तिले...” एवढंच ती बोलली. तिने पदर तोंडाशी धरला आणि तिचे खांदे हलू लागले. भुमेश्वरी रडली नाही. पोटावर हात ठेवून तिने मोनालीकडे पाहिलं.

“ताई, मुंडीत असं आहे हे तुमाले माहीत होतं?”

“होतं.”

“आनि आमी मुंडी खातो, हे?”

मोनालीने ताटातल्या मुंडीकडे पाहिलं.

“हेही माहीत होतं,” भुमेश्वरी म्हणाली. “तुमी याच घरच्या ना.”

खुशालला हे कळलं तेव्हा तो आधी बायकोजवळ जाऊन बसला. बराच वेळ तो तिचा हात धरून होता. मग बहिणीला घेऊन पाळीवर गेला.

“घरचं बंद झालंच समज,” तो म्हणाला. “बाकीच्याइले मी सांगतो. हळूहळू.”

“हळूहळू म्हणजे कधी?”

“यंदाचा माल निघू दे. तू आता चारचौघांत जहर मनलं तर काय होईल, समजते का तुले? तळं बंद. शेड बंद. पोट्टे पुन्हा हैदराबादले. मोठ्या मुश्किलीनं गाव भरलं, मोना.”

“मोहल्ल्यात अजून कोण कोण गरवार आहे?”

खुशाल पाण्याकडे पाहत राहिला. “बाजूची सुनंदा. आनि तिकडं दुधकुऱ्याची सून.”

“त्यांना हळूहळू सांगणार?”

खुशाल वाईट माणूस नव्हता. गाव उठून जातं तेव्हा कसं वाटतं ते त्याने पाहिलं होतं, आणि ते पुन्हा पाहायची त्याची छाती नव्हती. मोनालीला त्याचा रागही येईना, हेच तिला जड जात होतं.

“आणखी एक सांगू?” ती म्हणाली. “कारखान्यावर खटला चालू आहे ना, त्याच्या मागच्या सुनावणीत त्यांच्या वकिलाने काय दाखवलं माहीत आहे? आपल्या तळ्याचे फोटो. मासे ठणठणीत आहेत, म्हणजे पाणी शुद्ध आहे म्हणाला. पूर्वी मासा मरायचा तेव्हा निदान कळायचं तरी. मी त्याला मरू दिलं नाही. त्याने बोंबलायचंच बंद केलं.”

तिने तिथूनच पेंढारकरबाईंना फोन लावला. बाई हादरल्या, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. पण त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. “घाई नको, मोनाली. आपण रीतसर पाहणी करू. तीन महिन्यांत अहवाल येईल. तोवर गावात पत्रक वाटू, टाकाऊ भाग खाऊ नये असं ठळक अक्षरात.”

“बाई, तोच शब्द?”

“दुसरा शब्द वापरलास तर हा मासा संपला. तुझी दहा वर्षंही गेली. विचार कर.”

“तीन महिन्यांत भुमेश्वरीच्या मांडीवर मूल असेल,” मोनाली म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव होता. भुमेश्वरीला हिरवं लुगडं नेसवून चौरंगावर बसवलं होतं. ओटी रद्द करू म्हणून अंजिराबाईने विनवलं होतं, पण भुमेश्वरी म्हणाली, बाया आल्या पाहिजेत, सगळ्या आल्या पाहिजेत. आणि सगळ्या आल्या. गरवार बायकांचा मान म्हणून सुनंदाला आणि दुधकुऱ्यांच्या सुनेला भुमेश्वरीच्या शेजारी बसवलं होतं. पाच जणींनी ओटी भरली, गाणी झाली. मग शेजारच्या बायकांनी कौतुकाने रांधून आणलेली हंडी आली आणि मुंड्या वाढायला सुरुवात झाली. मोनाली मधोमध जाऊन उभी राहिली.

“कोणी खाऊ नका,” ती म्हणाली. “या मुंडीत जहर आहे.”

गलका थांबला.

“कारखान्याचं शिसं आहे. मांसात नाही, मुंडीत आहे, काळजात आहे. मासा तसाच बनवला आहे, मीच बनवला. त्या दिवशी पाळीवर मी टाकाऊ म्हटलं. जहर म्हणायला पाहिजे होतं. मला माहीत होतं आणि मी म्हटलं नाही.”

“काऊन नाही मनलं?” मागून एका म्हातारीने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“बाजार घाबरेल म्हणून.”

मग मात्र मांडवात एकच कालवा झाला. कुणी मोनालीच्या अंगावर ओरडत होतं, कुणी आपल्या पोरांची नावं घेत होतं. घरोघरी सगळ्यांनीच खाल्लं होतं. दुधकुऱ्यांची सून ताट दूर सारून नुसती बघत होती. तिचा आठवा महिना होता. “मंग माह्या लेकराचं काय, ताई?” तिने विचारलं.

तेव्हा चौरंगावरून भुमेश्वरी बोलली. “माहा आकडा एकतीस निघाला,” ती म्हणाली. “ताई, पेटी आना. ह्या दोघीचं आधी पाहा. मंग सगळ्याइचं.”

हिरव्या लुगड्यातली, गळ्यात हार घातलेली ती बाई उठली आणि तिने स्वतः सुनंदाचे हात साबण लावून धुतले. त्यानंतर कोणी ओरडलं नाही. अंगणात रांग लागली. चकत्या संपल्या तेव्हा खुशाल कुणालाही न सांगता गाडी घेऊन जिल्ह्याच्या गावी गेला आणि आणखी चकत्या आणि लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन आला.

पुढचं सगळं जसं व्हायचं तसंच झालं. माशाचं प्रमाणपत्र गेलं. शेडला कुलूप लागलं. मोनालीवर चौकशी बसली आणि प्रयोगशाळेतून तिची बदली एका अशा टेबलावर झाली जिथे फक्त जुन्या फायली होत्या. पोरं पुन्हा हैदराबादला गेली. कारखान्यावरच्या खटल्यात मात्र पहिल्यांदाच काही हललं, कारण न्यायालयापुढे या वेळी माशांचे फोटो नव्हते, साऱ्या मोहल्ल्याच्या रक्ताचे आकडे होते. माशांनी जे सांगायचं सोडलं होतं ते आता बायकांचं रक्त सांगत होतं. गाळ उपसायचा हुकूम निघाला. तो कधी उपसला जाईल ते कुणी सांगितलं नाही.

मुंडी थांबली, औषध सुरू झालं, तसे आकडे उतरत गेले. भुमेश्वरीचा एकतीसवरून बावीसवर आला, मग सोळावर. हे मोनालीला जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून कळायचं. घरून फोन येत नव्हता. अंजिराबाई बोलायची, पण दोन वाक्यांच्या पुढे बोलणं जात नसे. सुनेने काय खाल्लं याची वर्णनं बंद झाली होती. खुशाल तर बोलतच नव्हता.

भुमेश्वरीला मुलगी झाली. नाळेच्या रक्तात शिसं निघालं, आठ. एकतीसच्या मानाने फार थोडं. असायला हवं होतं त्याच्या मानाने फार जास्त. मुलगी वजनाने बरी होती, रडली जोरात. डॉक्टर म्हणाले, पाहत राहू. मोनालीला त्याचा अर्थ ठाऊक होता. शिशाने एखाद्या लेकराच्या डोक्यातलं किती नेलं हे कधीच मोजता येत नाही, कारण नेलं नसतं तर तिथे किती असतं हे जगात कुणालाही माहीत नसतं. शंभर मुलांची सरासरी काढता येते. एका मुलीची येत नाही. मोनाली त्या टेबलावर फायली पुढ्यात घेऊन बसायची आणि याच एका गोष्टीवर तिचं डोकं पुन्हा पुन्हा जायचं.

एके दिवशी खुशालचा फोन आला. “रविवारी बारसं आहे,” तो म्हणाला. “भुमी मनते, नाव आत्याच ठेवते. दुसऱ्या कोणाले ठेवू देनार नाही.” आणि त्याने फोन ठेवला.

मोनाली गेली. अंगणात तिच्याशी कुणी आपण होऊन बोललं नाही, पण बायकांनी सरकून पाळण्यापर्यंत वाट दिली. सुनंदा तिथे होती, तिचं तान्हं मांडीवर घेऊन. दुधकुऱ्यांची सूनही होती. तिचा मुलगा दिवसांआधी झाला होता आणि अजून अशक्त होता. तिने त्याला पदराखाली धरून ठेवला होता.

पाळण्यात बाळ जागं होतं. मोनाली वाकली. तिने न ठरवताच आपलं बोट बाळाच्या मुठीत दिलं आणि पकड किती घट्ट आहे ते पाहिलं. मग चेहरा जरा डावीकडे नेला, बाळाचे डोळे मागे येतात का पाहिलं, उजवीकडे नेला. कानाजवळ हलकेच चुटकी वाजवली. बाळाने डोळे मिचकावले. ते चुटकीमुळे की असंच? तिने पुन्हा चुटकी वाजवायला हात उचलला.

तो हात भुमेश्वरीने धरला. पाळण्याच्या पलीकडे ती उभी होती, आणि किती वेळ आपल्याकडे पाहत होती कोण जाणे.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “तपासू नका. नाव ठेवा.”

मोनालीचे डोळे भरून आले. समोरचं काही दिसेना, तरी ती बाळाच्या कानाशी गेली, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. रीतीप्रमाणे मागे उभ्या असलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. त्यांतला एक रीतीपेक्षा बराच जोरात बसला, आणि त्यानंतर दुसरा, तितकाच. मोनालीने वळून पाहिलं नाही. ती वाकलेली होती तशीच राहिली, सगळ्यांचे घालून होईपर्यंत.